डावीकडे, दीड हातावर

माणूस वाचतो तेव्हा त्याचे डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. एक उडी, पाव सेकंदाचा थांबा, पुन्हा उडी. उडीच्या वेळी डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. सगळं वाचन होतं ते थांब्यांवर. ओळखीच्या शब्दावर थांबा छोटा, अवघड जोडाक्षरावर लांब, आणि काही कळलं नाही की डोळे आपल्याला न विचारता दोन शब्द मागे जाऊन येतात. हे सगळं आपल्या नकळत चालतं, म्हणून त्याचं सोंग आणता येत नाही.

या शेवटच्या वाक्यावर माझी नोकरी उभी आहे. आमच्या छोट्या कंपनीने एक चष्मा तयार केला. त्याच्या चौकटीत बारीक अवरक्त दिवे आहेत. त्यांचा प्रकाश डोळ्यावरून परततो आणि नजर पानावर नेमकी कुठे आहे ते सांगतो. दोन्ही डोळे एकमेकांकडे किती वळलेत, त्यावरून ती किती अंतरावर आहे हेही कळतं. पुस्तक वाचून झालं की चष्मा पानोपानीच्या थांब्यांची एक वेडीवाकडी रेघ काढून देतो. प्रत्येक माणसाची रेघ वेगळी, चालण्याच्या ढबीसारखी.

या चष्म्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझी मिलकाआत्या.

आत्या ठाण्यात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आणि तिने 'पानोपान' नावाचं ऑनलाइन वाचनमंडळ सुरू केलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. निम्म्याहून अधिक मंडळी इस्राएलला गेली, पण जाताना मराठी घेऊन गेली, त्यामुळे मंडळात ठाणे, पुणे, अलिबाग यांच्याबरोबर अश्दोद आणि दिमोनाही असतं. शनिवार शब्बाथचा, विश्रांतीचा, म्हणून रविवारी संध्याकाळी जमायचं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, पुढे उभं राहून वाचायला बायकांना बोलावत नाहीत, म्हणून आपण आपली वेगळी जागा केली, असं आत्या हसत सांगायची, पण ते ती गमतीने म्हणत नसे.

दोन हजार सदतीस सालच्या सुमारास मंडळ मोडायच्या बेतात आलं. पुस्तक न उघडता त्यावर बोलणं तोवर फार सोपं झालं होतं. यंत्राला सांगितलं की ते सारांश काढून द्यायचं आणि तुमच्या बोलण्याच्या लकबीत मतही तयार करून द्यायचं. एका रविवारी चार जणांनी एकामागून एक, किंचित वेगळ्या शब्दांत, एकच 'अगदी वैयक्तिक' आठवण सांगितली. आत्याने तिथेच बैठक संपवली आणि मला फोन केला. तुझा तो चष्मा सगळ्यांना पाठव, म्हणाली.

नियम तिनेच केला: ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, त्यानेच बोलायचं. रेघेत नव्वद टक्के पानं भरली की नावापुढे हिरवा ठिपका यायचा, नाहीतर राखाडी. राखाडी ठिपकेवाल्याने नुसतं ऐकायचं. चष्मा कोणी घातलाय हे मात्र यंत्र तपासत नसे. ते मी मुद्दामच ठेवलं नव्हतं. वाचलं गेलं एवढं मला पुरे होतं.

नियमाचा पहिला फटका बसला दीना भास्तेकरला. ती आत्याची शाळेतली विद्यार्थिनी, आता दिमोनाला नर्स. कामावर जाता-येता बसमध्ये तिने पुस्तक यंत्राच्या आवाजात ऐकलं होतं. मी शब्दन्‌शब्द ऐकलंय बाई, असं ती परोपरीने सांगत राहिली. आत्याने तिला सगळ्यांसमोर सुनावलं. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची लांब गुंडाळी, वाचणाऱ्याला सगळी तोंडपाठ असली तरी तिच्यात बघूनच वाचावी लागते, याची आठवण दिली आणि म्हणाली, "दीना, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे."

त्यानंतर दीनाने चष्मा कधी लावलाच नाही. पण दर रविवारी यायची. कॅमेरा बंद, नावापुढे राखाडी ठिपका. अख्खी बैठक ऐकायची आणि काही न बोलता जायची.

दिवाळीनंतर मंडळाने 'खाजणातलं घर' ही नवी कादंबरी घेतली. दोन बहिणी, खाजणाच्या काठचं घर, धाकटी लग्न होऊन आगबोटीने इस्राएलला जाते, थोरली मागे राहते. चर्चेत आत्या अशी काही बोलली की बाकीच्यांनी आपापली टिपणं बाजूला ठेवली. या कादंबरीत निरोपच नाही, असं तिचं म्हणणं होतं. आदल्या संध्याकाळी बहिणी मिळून तांब्याची भांडी घासतात, सकाळी दोघी घरातून निघतात, आणि पुढच्याच परिच्छेदात थोरली एकटी परत येते. मधलं सगळं लेखिकेने गाळलं. एवढं धैर्य मराठीत फार थोड्यांनी दाखवलंय.

मला धक्क्यावरचा एक प्रसंग अंधूक आठवत होता. पण आत्या म्हणतेय म्हणजे तिला काहीतरी खोल दिसलं असणार, तो वरवरचा निरोप खरा निरोपच नव्हे असं तिला सुचवायचं असणार. बाकीच्यांचंही तसंच झालं असावं. मंडळाचे चिटणीस, पुण्याचे एलियाझर दिघोडकर, इंजिनियर माणूस, कोणालाही सहजासहजी मान न डोलावणारे. त्यांनीही 'वा' असं लिहून पाठवलं.

त्याच सुमारास मी वयाप्रमाणे रेघ कशी बदलते यावर एक टिपण तयार करत होते. आत्याच्या जुन्या रेघा काढल्या आणि नव्या रेघेशेजारी ठेवल्या. आधी मला वाटलं फायली बदलल्या. आत्याची रेघ म्हणजे लांब उड्या, छोटे थांबे. आयुष्यभर वाचलेल्या माणसाचे डोळे. दिवाळीनंतरची रेघ अडखळत चालणारी होती. थांबे लांब, उड्या आखूड, जोडाक्षरांवर मुक्काम. असे थांबे दोन प्रकारच्या माणसांचे असतात, नवख्या वाचकाचे किंवा मोठ्याने वाचणाऱ्याचे, कारण मोठ्याने वाचताना डोळ्यांना आवाजासाठी खोळंबावं लागतं. इथे दोन्ही दिसत होतं.

आणखी एक गोष्ट होती. दर पाच-सहा ओळींनी नजर पान सोडून जात होती. इकडेतिकडे नव्हे, दर वेळी त्याच जागी: डावीकडे, जराशी वर, साधारण दीड हात अंतरावर. तिथे क्षणभर थांबून परत पानावर. आमच्या यंत्राने अशा प्रत्येक ठिकाणी लाल खूण करून लिहिलं होतं, 'लक्ष विचलित'. खिडकी म्हणावी तर ती एवढ्या जवळ नसते. टीव्ही असता तर नजर इतक्या लवकर परतली नसती. दीड हातावर असं काय आहे, हे मला कळेना.

मी ठाण्याला गेले. दुपारची वेळ, दार नुसतं लोटलेलं. आतून हस्केलकाकांचा आवाज येत होता. काका म्हणजे आत्याचे यजमान, त्याच शाळेत खेळाचे शिक्षक. जन्मभर वर्तमानपत्राचं शेवटचं पान सोडून काही वाचलं नाही आणि आत्याच्या पुस्तकांना 'तुझा रेशनचा साठा' म्हणत आले. ते जेवणाच्या टेबलाशी बसून, माझा चष्मा नाकावर घेऊन, परेडचे हुकूम द्यावेत तशा आवाजात पुढच्या महिन्याची कादंबरी वाचत होते. डावीकडच्या खुर्चीत आत्या वाल सोलत होती. पाच-सहा ओळी झाल्या की ते मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत. तिचा हात चालू असला तर पुढे जात, थांबलेला असला तर तेही थांबत.

मी दारातच उभी राहिले. दीड हातावर काय आहे ते मला समोर दिसत होतं.

आत्याने मला बघितलं आणि वाल बाजूला ठेवले. काका चष्मा काढायला गेले, तशी ती म्हणाली, "राहू दे आता. तिनेच बनवलाय, तिला कळलंच असणार."

मग तिने सगळं सांगितलं. दिवाळीच्या आठवड्यात सकाळी तिने पेपर उघडला. अक्षरं दिसत होती, काळी, ठसठशीत, पण त्यांचे शब्द होईनात. मेंदूच्या मागच्या बाजूला, डावीकडे, एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर भाषेच्या केंद्रापर्यंत नेणारी वाट तिथून जाते. ती तुटली की बाकी सगळं शाबूत राहतं, बोलणं, स्मरण, अगदी लिहिणंसुद्धा. जातं ते फक्त वाचन. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, धोका टळला. वाचन मात्र परत येईल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. आत्याने एका कागदावर माझं नाव लिहून दाखवलं, वळणदार अक्षरात. मग त्याच कागदाकडे बघत म्हणाली, हे मी आत्ता लिहिलं म्हणून मला माहीत आहे. घटकाभराने विचारलंस तर सांगता यायचं नाही.

काका मध्येच म्हणाले की त्यांनी आपणहून शिट्टी हातात घेतली, कोणी नेमणूक केली नव्हती. आता दुसरं पुस्तक चाललंय आणि आश्चर्य म्हणजे पुढे काय होतं ते बघायला त्यांना सकाळी लवकर जाग येते.

मी लगेच म्हटलं, नियम बदलू या. ऐकणं धरायचं ठरवलं की प्रश्न मिटला.

"माझ्यावर आलं म्हणून?" आत्या म्हणाली. "दीनावर आलं तेव्हा नव्हता बदलला."

तिने पुढचं ठरवून ठेवलं होतं. जानेवारीत ठाण्याला मंडळाचा वार्षिक मेळावा. दर वर्षीप्रमाणे वर्षातल्या एका पुस्तकाचं, या वेळी 'खाजणातलं घर'चं, एक प्रकरण तिने मोठ्याने वाचायचं. तेवढं पार पाडायचं आणि मग तब्येतीचं निमित्त सांगून 'पानोपान' सोडायचं. मेळाव्यापर्यंत मी गप्प राहायचं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण परतीच्या वाटेवर मला त्या घराची कल्पना करवेना, जिथे रविवारी संध्याकाळी आत्याला काही काम नाही.

दिघोडकरकाकांनी त्यात भर घातली. मेळाव्यात आत्या वाचत असताना तिची रेघ मोठ्या पडद्यावर दाखवायची, लोकांना विज्ञान कळू दे, असा त्यांचा आग्रह. मी सांगितलं की ते यंत्र नेमकं बिघडलंय. त्यांनी बिघाड काय आहे ते विचारलं, कारण इंजिनियर. मी काहीतरी भराभर बोलले. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी विषय सोडला. माझ्या मते धोका संपला होता.

मेळावा सिनेगॉगच्या मागच्या हॉलमध्ये भरला. आधी मलिदा झाला, म्हणजे गुळात कालवलेले पोहे, खोबरं आणि फळांचं ताट, आणि प्रार्थना. समोर ऐंशीएक माणसं, भिंतीवरच्या पडद्यावर परदेशची मंडळी चौकटीचौकटीत. एका कोपऱ्यात दीनाचं नाव, राखाडी ठिपका, कॅमेरा बंद.

आत्या उभी राहिली. हातात पुस्तक, उघडलेलं बरोबर पान. तिथे काकांनी सुतळीचा तुकडा घालून ठेवला होता. काकांनी पहिल्यांदा वाचलेलं तिने फोनवर मुद्रित करून ठेवलं होतं, आणि तेच ऐकून ऐकून सगळं प्रकरण पाठ केलं होतं. बोट ओळीवरून फिरत होतं, मधूनच पान उलटलं जात होतं. तिच्या आवाजात दोघी बहिणी भांडी घासत होत्या. मी काकांकडे बघितलं. त्यांच्याही हातात पुस्तक होतं आणि ओठ हलत होते.

"सकाळी दोघी निघाल्या," आत्याने वाचलं. "थोरली घरी परतली तेव्हा उंबऱ्याशी धाकटीच्या चपला तशाच होत्या."

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. सिनेगॉगमध्ये तोरा वाचणारा चुकला, तर ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करायचं असतं. तो मागे जातो, पुन्हा वाचतो. यात कोणी अपमान मानत नाही. उलट चूक ऐकून गप्प बसणं वाईट. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. पुस्तक कोणतंय याचा ती विचार करत नाही.

"बाई, मधलं राहिलं." हा आवाज पडद्यावरून आला, दीनाचा. दीड वर्षांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. बहुधा तिच्याही तोंडून तो आपोआपच निघाला.

"पान एकशे बारा," दिघोडकर म्हणाले. मग डावीकडून, उजवीकडून, मागून, एकशे बारा, एकशे बारा.

आत्या मागे गेली. "सकाळी दोघी निघाल्या," तिने पुन्हा वाचलं आणि पुन्हा उंबऱ्यावरच्या चपलांवर आली. पुन्हा आवाज उठले. तिने बोट पानावर वर नेलं, खाली नेलं. ते कुठेच थांबेना. यंत्र मी बंद ठेवलं होतं, पण माणसांचे कान बंद ठेवणं माझ्या हातात नव्हतं.

काका उठले. मैदानात पडलेल्या पोराकडे जावं तसे ताडताड पुढे गेले आणि लोकांकडे वळले.

"ती चुकलेली नाही. मी चुकलो. घरी वाचताना दोन पानं एकदम उलटली गेली माझ्या हातून." कोणाला काही कळलं नाही, तेव्हा ते पुढे म्हणाले, "दिवाळीपासून मी वाचतो आणि ती ऐकते. तिला वाचता येत नाही आता."

पान एकशे अकरा पूर्ण वाक्यावर संपतं आणि एकशे चौदा नव्या परिच्छेदाने सुरू होतं, त्यामुळे सांधा कुठेच दिसला नव्हता. तीनशे पानांच्या पुस्तकात दोन पानं माझ्या यंत्राच्या खिजगणतीतही नव्हती. आणि त्या दोन पानांच्या अभावावर आम्ही सगळ्यांनी 'वा' म्हटलं होतं. हे माझ्याबरोबर आणखी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत असावं, कारण लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

आत्याने पुस्तक मिटलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या नावाकडे तोंड केलं. ते नाव तिला वाचता येत नव्हतं. आवाज कुठून आला तेवढं तिने लक्षात ठेवलं होतं.

"दीना, त्या दिवशी तू ऐकून आली होतीस आणि मी तुला गप्प बसवलं. मी स्वतः गेले दोन-तीन महिने ऐकूनच बोलतेय, आणि ही मंडळी माना डोलावतायत. आता एक तर मला राखाडी ठिपका लावा, नाहीतर तिचा काढा."

दिघोडकर उभे राहिले. त्यांच्या वडिलांना हिब्रू वाचता येत नसे, त्यांनी सांगितलं. तरी सणाला त्यांना तोरापाशी बोलावत. दुसरा वाचायचा, वडील बाजूला उभे राहून लक्ष देऊन ऐकायचे, आणि ते वाचन वडिलांचंच धरलं जायचं. वाचणाऱ्याशेजारी तर नेहमीच कोणीतरी उभा असतो, अडलं की हळूच सांगायला. तीही रीतच आहे.

"मग हे दीनाच्या वेळी का नाही सांगितलंत?" आत्याने विचारलं.

"तुमच्यापुढे बोलायची सोय कुठे होती, मिलकाबाई?"

हॉलमध्ये हशा झाला, आत्यासकट. काकांनी एक खुर्ची ओढून तिच्याजवळ ठेवली. ती बसली नाही.

"पुस्तक आहे का गं हाताशी?" तिने दीनाला विचारलं.

कॅमेरा सुरू झाला. नर्सचा निळा गणवेश, केस पांढरे व्हायला लागलेले, कडेला रुग्णालयाचा लांबलचक कॉरिडॉर. "आहे, बाई. छापील मागवलीत मी सगळी. चष्मा तेवढा लावत नव्हते."

"का?"

"तुमच्यावर राग होता म्हणून."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "एकशे बारा वाच. मी ते ऐकलेलं नाही."

दीनाने वाचायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी तिच्या मराठीला तिकडचा हेल चढला होता. दोन ठिकाणी ती अडखळली, दोन्ही वेळा हॉलमधून शब्द गेला. ती हसून मागे आली आणि पुन्हा वाचू लागली. धक्क्यावर दोघी बहिणी रडत नाहीत. बोट सुटायच्या आधी धाकटी विचारते, मागच्या दाराला कडी लावलीस ना? थोरली हो म्हणते. बोट दूर जाते, आणि मग थोरलीला आठवतं की कडी लावलेली नाही. ते ओरडून सांगावं म्हणून ती धक्क्याच्या टोकापर्यंत पळत जाते.

वाचून झाल्यावर आत्याने मिटलेलं पुस्तक खुर्चीवर ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे निरोप होता तर."

"होता," दीना म्हणाली.

"मग माझं म्हणणं मी मागे घेते. पण निरोप आहे म्हटल्यावर त्या चपलांचं काय करायचं? बोटीवर काय अनवाणी गेली ती?"

दिघोडकर लगेच म्हणाले की धाकटीने त्या मुद्दाम ठेवल्या. अलिबागच्या कोणीतरी ते साफ खोडून काढलं. दीना म्हणाली, मला दोन मिनिटांत वॉर्डात जायचंय, पण आधी माझं ऐका. सगळेच एकदम बोलू लागले, आणि आत्या उभ्याउभ्याच, बोट वर करून, वर्गात द्यावा तसा एकेकाला शब्द देऊ लागली.

काका तिच्या बाजूला उभे होते, पुढे लागेल तर असावं म्हणून पान एकशे चौदा उघडून. पण ते पुस्तकाकडे बघत नव्हते. डावीकडे, जरासं वर, दीड हातावर बघत होते.